प्लेगचे निर्बंध आणि प्राध्यापक गोखले

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळा, महाविद्यालये, नाट्यगृहे आणि पाठोपाठ बाजारपेठा बंद करण्याचे आदेश काढले, तेव्हा त्या आदेशांमागे जो कायदा उभा होता तो १८९७ सालचा होता. अवघ्या चार कलमांचा हा साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झाला, तो मुंबई इलाख्यात पसरलेल्या प्लेगच्या निमित्ताने. या कायद्याच्या पहिल्याच वर्षी सरकारी निर्बंधांवरून जो वाद पेटला, त्यात एका एकतीस वर्षांच्या प्राध्यापकाची सार्वजनिक कारकीर्द जवळजवळ संपुष्टात आली होती. ते प्राध्यापक म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. त्यांच्या आयुष्यातील हा प्रसंग आपण सहसा ओझरता सांगून पुढे जातो. टाळेबंदीची दोन वर्षे अनुभवल्यानंतर मात्र तो सावकाश वाचण्याजोगा झाला आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि गोपाळ तेरा वर्षांचा असतानाच वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत राहिले. एका मुलाच्या शिक्षणाची किंमत घरातल्या दुसऱ्या मुलाने कशी मोजावी लागते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा गोखल्यांना कोणत्याही ग्रंथाआधी घरातच मिळाला. कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथे शिकून १८८४ साली ते पदवीधर झाले. वकिली किंवा सरकारी नोकरीची वाट मोकळी असताना त्यांनी अल्प वेतनावर डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व पत्करले. फर्ग्युसन कॉलेजात गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे जे विषय वाट्याला आले ते त्यांनी शिकविले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखा कडक गुरू त्यांना लाभला. सरकारी अहवालातील आकडे तपासल्याखेरीज वाक्य लिहायचे नाही, ही शिस्त त्यांच्या अंगी रानड्यांनीच बाणवली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांतच मुंबईतून लोकांचे लोंढे बाहेर पडू लागले. गिरण्यांत हात मिळेनात आणि मालक नाक्यानाक्यावर मजुरांसाठी वाढती बोली लावू लागले. परदेशी बंदरांनी मुंबईच्या मालाकडे आणि जहाजांकडे संशयाने पाहण्यास आरंभ केला. व्यापार वाचवायचा तर साथ रोखण्याचे कठोर उपाय जगाला दिसले पाहिजेत, हा विचार सरकारच्या धोरणामागे होता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली. मार्चच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेत होत्या. रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना छावणीत हलविले जाई. सामान जाळले जाई, घरे धुऊन काढली जात, रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी होई.

उपाय आवश्यक होते की नाही, हा त्या वादाचा मुख्य मुद्दा नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. लोकमान्य टिळकांनी साथीच्या काळात पुणे सोडले नाही, हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेगचे इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला आणि स्वच्छतेच्या उपायांची गरजही मान्य केली. सावित्रीबाई फुले तर रोग्यांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ रोजी प्लेगला बळी पडल्या. आक्षेप होता तो अंमलबजावणीच्या रीतीवर. ज्यांच्या घरात शिरायचे त्यांना विश्वासात न घेता, त्यांच्या देवघराची, स्वयंपाकघराची आणि स्त्रियांच्या मर्यादेची पर्वा न करता लष्कराकरवी हे काम करवून घेण्यात आले. साधनसामग्रीची नुकसानी झाली तर दाद मागायची कोठे, तेही सामान्य माणसाला ठाऊक नव्हते. नव्या कायद्याने सद्‌हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण दिले होते. ज्याचे घर उघडले गेले त्याच्यासाठी त्यात एकही कलम नव्हते.

हे सारे पुण्यात घडत असताना गोखले इंग्लंडात होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे डेक्कन सभेच्या वतीने साक्ष देण्यासाठी ते गेले होते. एप्रिलमध्ये झालेल्या त्या साक्षीने त्यांचा लौकिक वाढला. त्याच सुमारास पुण्याहून मित्रांची पत्रे येऊ लागली. झडत्यांच्या वेळी सोजिरांनी केलेल्या अत्याचारांच्या हकिकती त्यांत होत्या. दोन स्त्रियांवर बलात्कार झाला आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, असेही एका हकिकतीत म्हटले होते. पत्रे लिहिणारी माणसे विश्वासातली होती. गोखल्यांनी ही माहिती पार्लमेंटच्या काही सदस्यांपुढे आणि मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्रापुढे ठेवली. विलायतेत खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारले आणि पुरावा मागितला.

दरम्यान २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड ३ जुलैला वारले. जुलैअखेर टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पुढे सप्टेंबरमध्ये त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. नातू बंधूंना चौकशीवाचून स्थानबद्ध करण्यात आले. अशा धुमसत्या वातावरणात गोखले मुंबई बंदरात उतरले. पुण्यात त्यांनी पुरावा शोधला. ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांपैकी कोणीही नावानिशी उभे राहण्यास तयार नव्हते. हकिकती ऐकीव होत्या आणि ज्या घरांत तसे काही घडले असेल, त्या घरांतील माणसे जाहीर चौकशीपुढे येणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. गोखल्यांपुढे दोनच मार्ग उरले. मित्रांची नावे सरकारला सांगून स्वतः सुटावे, किंवा सर्व दोष स्वतःच्या शिरावर घ्यावा. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी आरोप मागे घेऊन गव्हर्नरांची आणि प्लेगच्या कामावरील सैनिकांची बिनशर्त क्षमा मागितली. मित्रांची नावे त्यांनी अखेरपर्यंत उघड केली नाहीत.

पुणे त्यांच्यावर संतापले. एक पुढारी तुरुंगाच्या वाटेवर असताना दुसऱ्याने माफी मागावी, ही तुलनाच लोकांना असह्य होती. काँग्रेसच्या वर्तुळातही काही काळ त्यांच्याकडे पाठ फिरविण्यात आली. आज सव्वाशे वर्षांनंतर या क्षमायाचनेचा न्याय कसा करावा? प्रस्तुत लेखकास असे वाटते की, जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेण्यात गोखले बरोबर होते. मात्र माफीचा मजकूर इतका व्यापक झाला की, दोन विशिष्ट आरोपांबरोबर झडत्यांतील सर्वसाधारण जाचाची खरी तक्रारही दुबळी झाली. सरकारला हवे होते तेच मिळाले. दोन गोष्टी शाबीत झाल्या नाहीत, एवढ्यावरून दोनशे गोष्टींची चौकशी टळली. सार्वजनिक जीवनात अतिशयोक्तीची किंमत बोलणारा थोडीफार देतो. तिचा मोठा हिस्सा ज्यांच्या वतीने तो बोलतो त्यांच्याकडून वसूल होतो.

गोखल्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे हा धडा त्यांच्या अंतःकरणात किती खोल गेला होता ते कळते. ते रुसून घरी बसले नाहीत. पुण्यात प्लेग पुन्हा आला तेव्हा स्वयंसेवक घेऊन ते रोग्यांच्या वस्त्यांत हिंडले आणि ज्या गव्हर्नरांची माफी मागावी लागली होती त्यांनीच त्या कामाची प्रशंसा केली. १८९९ मध्ये ते मुंबई विधिमंडळात निवडून गेले, १९०२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. देश दुष्काळ आणि प्लेगने पिचलेला असताना सरकारच्या तिजोरीत वर्षानुवर्षे शिल्लक पडते, हे सरकार सुबत्तेचे लक्षण मानीत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे मांडून दाखविले की ही शिल्लक म्हणजे गरजेहून अधिक घेतलेला कर होय. या वेळी एकही विधान ऐकीव नव्हते, त्यामुळे कोणालाही पुरावा मागता आला नाही. मिठावरील कर १९०३ साली मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. प्राप्तिकराची सूट पाचशे रुपयांवरून हजारावर गेली. हे सारे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे, परंतु पुराव्याने बोलणाऱ्या विरोधकाला सरकार फार काळ टाळू शकत नाही, एवढे त्यावरून दिसते.

शाळांचा प्रश्नही त्यांनी याच पद्धतीने हाताळला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. खर्च किती येईल, सरकारने किती उचलावा, स्थानिक संस्थांनी किती, याचा हिशेब त्यांनी दिला होता. १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. मूल शाळेत आले तर त्याच्या मजुरीचे काय, असा प्रश्न त्या काळी विरोधक विचारीत. गोखल्यांना त्या प्रश्नाचे वजन ठाऊक होते, कारण गोविंदरावांचे आठ रुपये त्यांना आठवत असले पाहिजेत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले.

आता आपल्या गावाकडे वळू. साथ आली की विणकराच्या घरची चूल आधी विझते, हे सोलापूरला नवे नाही. १८९६ च्या दुष्काळात येथील विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम मिळावे म्हणून टिळकांनी योजना मांडली होती. सरकारने ती स्वीकारली नाही. २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदीनंतर १६ ते २६ जुलै असे आणखी दहा दिवस शहर कडकडीत बंद राहिले. यंत्रमाग थांबले. घरी विड्या वळून कारखान्यात नेऊन देणाऱ्या हजारो स्त्रियांची मजुरी बुडाली. पहिली ते चौथीचे वर्ग सर्वसाधारणपणे डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, म्हणजे पावणेदोन वर्षे लहान मुले शाळेबाहेर राहिली. या काळात राजकीय वाद कमी झाले नाहीत. १८९७ मध्ये गव्हर्नर निर्बंध लादणारे होते. २०२० च्या ऑक्टोबरात मंदिरे उघडावीत म्हणून राज्यपालांनीच मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. भूमिका उलटल्या, वादाची जात तीच राहिली. एका बाजूने प्रत्येक निर्बंध हा जुलूम ठरविला, दुसऱ्या बाजूने प्रत्येक प्रश्न हा बेजबाबदारपणा.

या गदारोळात लेखकही निर्लेप नव्हता. त्या वर्षी शहरातील एका विलगीकरण केंद्रात लोक उपाशी राहत असल्याची हकिकत मी चार ठिकाणी सांगितली. ती तुम्हाला कोणी सांगितली, असे एका सहकाऱ्याने विचारले तेव्हा मला नाव सांगता आले नाही. हकिकत खरी असेलही. पण मी ती तपासली नव्हती, आणि माझ्या वर्गातून त्या दोन वर्षांत गळालेल्या विद्यार्थ्यांची यादी, जी मला सहज करता आली असती, ती मात्र मी केली नव्हती.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. शाळांची जनरल रजिस्टरे, महाविद्यालयांचे हजेरीपट, यंत्रमागांच्या वीजजोडण्यांच्या नोंदी, विडी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची खाती, ही सारी कागदपत्रे याच शहरात आहेत. २०२० पूर्वी पटावर असलेली किती मुले परतली नाहीत, किती माग भंगारात गेले, किती घरांनी व्याजाने पैसे काढले, हे अद्याप मोजता येईल. शिक्षकांनी नोंदी काढाव्यात, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्या जुळवाव्यात, कार्यालयांतील कारकून मंडळींनी त्यांना अडवू नये, वाट दाखवावी. महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने तो हिशेब सभेपुढे ठेवावा. त्यातून काही निर्बंध योग्य होते असेही निघेल, काही अकारण लांबले असेही निघेल. पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. ती आली म्हणजे त्याच कायद्याखाली पुन्हा आदेश निघतील. त्या दिवशी शाळा किती दिवस बंद ठेवावी आणि मजुरी बुडालेल्या घराला काय द्यावे, याचा निर्णय ऐकीव हकिकतींवर होऊ द्यायचा नसेल, तर हे काम आजच हाती घ्यावयास हवे.