घरकामात घडलेले साने गुरुजी

सज्जनहो, पुंडलिकाची कथा आपण नित्य ऐकतो. देव दारी आला तरी त्याने मायबापांची सेवा सोडली नाही. पण तीच सेवा आपल्या घरातल्या मुलाला सांगायची वेळ आली, की आपण म्हणतो, राहू द्या, लहान आहे! म्हणून आज साने गुरुजींचे चरित्र पाहू.

कोकणात पालगड गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. नाव पांडुरंग, वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घराणे खोताचे, पण पुढे कर्जाने घर खचले आणि कामाचा सारा भार माउलीवर आला. तिने मुलाचे लाड केले, पण कामातून सूट दिली नाही. पत्रावळ लावता येत नाही ही सबब तिने ऐकून घेतली नाही. पोराला ती शिकावीच लागली. वटसावित्रीच्या दिवसांत ती तापाने आजारी होती. वडाच्या प्रदक्षिणा तिने मुलाला घालायला सांगितल्या. बायकांच्या मेळ्यात मुलाने कसे जावे, लोक हसतील, म्हणून तो लाजला. आईचे काम करण्यात कमीपणा नाही, हे तिने त्याला पटविले आणि तो गेला. एकदा एका वृद्ध हरिजन बाईची मोळी पडली होती. आईने मुलाला ती उचलून द्यायला लावली. नंतर स्नान कर म्हणाली, एवढे त्या काळाचे बंधन तिने पाळले. पण मोळी उचलल्यावाचून त्याला राहू दिले नाही.

पुढे शिक्षणासाठी औंधास असताना हा मुलगा हाताने स्वयंपाक करून जेवला. १९१७ साली आई गेली, तेव्हा तो जवळ नव्हता. पण आईने लावलेले वळण गेले नाही. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले, वसतिगृह सांभाळू लागले. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर रागावत नसत. मुले बाहेर गेली की आपणच केर काढीत, अंथरुणे आवरीत, कपडे धुवीत. परत आलेली मुले ओशाळत आणि दुसऱ्या दिवशी आपले आपण करू लागत. पहा, उपदेश तोंडाने नव्हे, हाताने झाला!

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. आणि १ मे १९४७ रोजी पंढरीत, तनपुरे महाराजांच्या मठात, हरिजनांना विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून उपोषण आरंभिले. विरोध पुष्कळ झाला. दहा दिवसांनी उपोषण सुटले, दार उघडण्याचे ठरले. ज्या हातांनी ती मोळी उचलली होती, त्याच हातांना हे काम सुचले, असे म्हणावयास काय हरकत आहे? ११ जून १९५० रोजी ते गेले.

तेव्हा मायबापहो, काम हलके नसते, त्याला हलके म्हणणारे मन हलके असते. मुलगी भांडी घासते आणि मुलगा पाटावर बसून पाणी मागतो, हे वारकऱ्याच्या घरी शोभत नाही. आजपासून पोराला आपले ताट आपण उचलू द्या. दोन दिवस कुरकुरेल, भांडेही फुटेल, फुटू द्या. पण सांगण्याआधी आपणही आपले ताट उचलावे, बरे का!