विश्लेषण : काटकसरीच्या घरातला अर्थमंत्री आणि ५५० कोटींची तूट

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा घराघरांतला नियम. सरकार कर्ज काढते तेव्हा हाच नियम त्याला का लावला जात नाही, असा प्रश्न दर अर्थसंकल्पाच्या वेळी विचारला जातो. घरात कमालीची काटकसर पाहिलेला कऱ्हाडचा एक माणूस देशाचा अर्थमंत्री झाला आणि त्याच्याच अर्थसंकल्पाला काळा अर्थसंकल्प म्हटले गेले. यशवंतराव चव्हाण यांच्या आयुष्यात या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सापडते.

घरची शिस्त कुठून आली?

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे, आजोळी झाला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव बेलिफ होते. ते लवकर गेले आणि आई विठाबाईंनी कऱ्हाडात मुलांना वाढवले. तिथल्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना ते स्वातंत्र्यलढ्यात ओढले गेले आणि तुरुंगात गेले. पुढे कोल्हापूरला महाविद्यालयीन आणि पुण्यात कायद्याचे शिक्षण झाले. जून १९४२ मध्ये वेणूताईंशी लग्न झाले. काही महिन्यांतच यशवंतराव भूमिगत झाले आणि वेणूताईंनाही तुरुंगवास घडला. अशा घरात हातात येईल तेवढ्यातच भागवावे लागे.

मग तूट एवढी का वाढली?

जून १९७० मध्ये यशवंतराव केंद्रीय अर्थमंत्री झाले. पुढच्याच वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या खर्चासाठी नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागले. डिसेंबरात युद्ध झाले. १९७२ मध्ये पाऊस रुसला. महाराष्ट्रात माण, खटाव, जत, आटपाडी हे तालुके होरपळले. राज्याने खडी फोडण्याची, पाझर तलावांची, बांधबंदिस्तीची कामे काढली. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख लोक अशा कामांवर होते. यासाठी केंद्राची मदत लागली. २८ फेब्रुवारी १९७३ च्या अर्थसंकल्पात ५५० कोटी रुपयांची तूट समोर आली. त्या काळात हा आकडा धक्का देणारा होता.

सरकारचे कर्ज वेगळे कसे?

कमाई घटली की घर खर्च कापते आणि ते बरोबरच असते. दुष्काळात सरकारनेही तेच केले असते, तर कामे बंद पडली असती आणि मजुरांची चूल विझली असती. घराचा खर्च बाहेर जातो, पण सरकारचा खर्च हीच अनेकांची कमाई असते. दुसरे म्हणजे माणसाला हयातीत कर्ज फेडावे लागते. सरकार जुने रोखे फेडण्यासाठी नवे काढू शकते. तिसरे, घराला कर बसवता येत नाही. त्या काळी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. याहून वर जायला जागाच नव्हती. उलट एवढ्या दरामुळे करचुकवेगिरी वाढते, असे दिसल्यावर यशवंतरावांनी १९७४ मध्ये तो ७७ टक्क्यांवर आणला.

चौथा फरक सर्वांत धोक्याचा. तेव्हा केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेला अल्पमुदतीची हुंडी देऊन नवा पैसा मिळवू शकत असे. ही सोय १९९७ मध्ये बंद झाली.

त्याची किंमत कोणी मोजली?

पैसा बाजारात आला, पण धान्य शेतातच नव्हते. त्यात ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांतच खनिज तेल जवळपास चौपट महागले. भाववाढ २० टक्क्यांच्या वर गेली. मजुरी हातात पडत होती, पण तिच्यात येणारी ज्वारी कमी होत होती. सरकारी तूट घराच्या हिशेबात शिरते ती अशी, भाववाढीच्या वाटेने.

जुलै १९७४ मध्ये सरकारने उलटा उपाय केला. नोकरदारांची पगारवाढ पूर्ण आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत जमा करायला लावला. ही रक्कम पुढे व्याजासह परत मिळणार होती. म्हणजे सरकारने आपल्या तुटीसाठी घरांना बचत करायला लावली. कामगार संघटना संतापल्या. ऑक्टोबरमध्ये यशवंतरावांकडे परराष्ट्र खाते आले. १९७५ मध्ये भाव उतरले. त्यात या उपायांचा वाटा होता, तसा चांगल्या पिकांचाही होता.

शेवटची जबाबदारी काय होती?

१९८२ मध्ये ते आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा ठरवणे आणि राज्यांच्या कर्जांचा विचार करणे हे काम होते. आयोगाने केंद्रीय उत्पादन शुल्कातला राज्यांचा वाटा ४० वरून ४५ टक्के केला आणि वाढीव पाच टक्के तुटीच्या राज्यांसाठी ठेवले. तूट दिसली की उधळपट्टीच असेल, असे आयोगाने धरले नाही. काही राज्यांची कमाईच कमी असते, हे त्याने मान्य केले.

या काळातच, जून १९८३ मध्ये, वेणूताई गेल्या. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत यशवंतरावांचे निधन झाले. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. चार दशके सत्तेच्या जवळ राहूनही त्यांच्या मागे मोठी संपत्ती नव्हती. मोठा होता तो ग्रंथसंग्रह, आणि तो कऱ्हाडच्या वेणूताई चव्हाण स्मारकात आहे.

अर्थमंत्र्याची वैयक्तिक काटकसर सार्वजनिक पैशाबद्दल विश्वास देते. तूट मात्र तिने भरत नाही. त्यामुळे सरकारी कर्जाची बातमी वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात : पैसा कशावर खर्च झाला आणि त्या पैशाने विकत घेण्याइतका माल देशात आहे का. १९७३ मध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी पटण्याजोगे होते. दुसऱ्याचे नव्हते, आणि त्याचा भार गरिबाच्या ताटावर पडला.