कलामहर्षी कै. बाबूराव पेंटर

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात सागवानास तोटा नाही व ते घडविणाऱ्या हातांसही तोटा नाही. तथापि मुलगा रंधा-पटाशीत अगर रंगांत रमू लागला की पालकांचे मन साशंक होते. हातकामात मुलाचा उत्कर्ष नाही, अशी समजूत घराघरांत रुजली आहे. अशा पालकांनी कोल्हापूरचे कलामहर्षी कै. बाबूराव पेंटर यांच्या चरित्राचे अवश्य मनन करावे.

बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हरहुन्नरी कारागीर होते. कलाशाळेची पायरी न चढता बाबूराव व त्यांचे बंधू आनंदराव यांनी घरच्या कामातूनच चित्र व मूर्ती यांवर प्रभुत्व मिळविले. पुढे त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्यास आरंभ केला आणि त्यांतील राजवाडे व उपवने पाहून प्रेक्षक थक्क होत.

त्यांची चित्रशाळा हीच विद्यार्थ्यांची पाठशाळा होती. तेथे रंग खलावा, पडदा ताणावा, गुरूचा हात निरखावा आणि मग स्वतः कुंचला धरावा, असा शिक्षणक्रम असे. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल हे याच परंपरेत तयार झाले. जातिधर्माचा भेद तेथे नव्हता. हातातील गुण तेवढा पाहिला जाई.

चलच्चित्राचा ध्यास लागल्यावर परदेशी यंत्रासाठी द्रव्य नव्हते. म्हणून या बंधूंनी कॅमेरा स्वतःच घडविण्याचे ठरविले. १९१६ साली आनंदराव निवर्तले. त्या आघातातून सावरून बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने ते यंत्र पूर्ण केले. गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ प्रकाशित झाला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच सुमारास कंपनीत पडेल ते काम करण्यास आलेला एक तरुण पुढे व्ही. शांताराम म्हणून विख्यात झाला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी त्यानेच रंगविला.

१९२९ साली मात्र गुरूच्या वाट्यास कठीण प्रसंग आला. दामले, फत्तेलाल व शांताराम यांनी कंपनी सोडली आणि अन्य सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ स्थापन केली. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी नंतर काही बोलपट दिग्दर्शित केले. परंतु त्यांचे मन अखेर चित्र व शिल्प यांतच विसावले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले.

शिष्य दूर गेले, म्हणून गुरूचे श्रम वाया गेले काय? दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’चा गौरव पुढे व्हेनिस येथे झाला. त्या यशात चित्रशाळेतील संस्कारांचा वाटा निःसंशय होता. स्वतःच्या पायांवर उभा राहून निघून जाणारा शिष्य ही गुरूची हानी खरी, पण तीच त्याची फलश्रुतीही होय.

ज्ञातिबंधूंनी यापासून एवढाच बोध घ्यावा : शाळेचा अभ्यास सांभाळून मुलामुलींस रोज घटकाभर कार्यशाळेत बसू द्यावे. लाकडाचा लहानसा तुकडा व थोडे रंग त्यांच्या हाती द्यावेत. पहिली मूर्ती वाकडी झाली तरी हसू नये.