अंगठा घडवणारे सर्जन : कार्ल निकोलादोनी

बाळाचा अंगठा जन्मतः लोंबता असेल किंवा नसेलच, आणि डॉक्टरांनी तर्जनीचाच अंगठा करू असं सुचवलं, की घरची माणसं हादरतात. आहे ते चांगलं बोट कशाला कापायचं? माधवनगरहून येणाऱ्या आजी-आजोबांचाही पहिला प्रश्न हाच असतो. अशा वेळी मला निकोलादोनी आठवतात.

कार्ल निकोलादोनी यांचा जन्म १८४७ चा, व्हिएन्नाचा. १८८१ मध्ये ते इन्सब्रुकला शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले, १८९५ मध्ये ग्राझला गेले. लकव्यानं टाचेवर टेकलेल्या पावलांवर त्यांनी एक वेगळाच उपाय केला. पोटरीचा स्नायू निकामी, पण शेजारचा धडधाकट. मग त्या शेजाऱ्याचीच स्नायुदोरी टाचेच्या दोरीला जोडली. शरीरातला चांगला भाग जिथं जास्त गरज आहे तिथं कामाला लावायचा, हा विचार त्यांनी पुढं हातावरही वापरला.

१८९८ मध्ये त्यांच्याकडे अंगठा गमावलेला पाच वर्षांचा मुलगा होता. निकोलादोनींनी त्याच्या पायाचं दुसरं बोट हातावर बसवायचं ठरवलं. केसासारख्या रक्तवाहिन्या जोडणारी सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया तेव्हा नव्हती. म्हणून हात पायापाशी आणून बोट तिथंच शिवलं, आणि हाताकडून रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत ते पायालाही जोडलेलंच ठेवलं. एवढ्या लहान मुलानं हात पायाला बांधून दिवस कसे काढले असतील, हे मला अजूनही सुचत नाही. नंतर बोट पायापासून सोडवलं. निकोलादोनी १९०२ मध्ये ग्राझला वारले. पायाचा अंगठा एकाच शस्त्रक्रियेत, रक्तवाहिन्या जोडून हाताच्या अंगठ्याच्या जागी बसवायला १९६८ उजाडलं. ते इंग्लंडमध्ये जॉन कॉबेट यांनी केलं.

त्या मुलाचा अंगठा जाण्याआधी नीट घडलेला होता. जन्मतःच अंगठा नसलेल्या बाळात मात्र बुडाचा सांधा, स्नायू, दोऱ्या यांतलं बरंच काही तयारच झालेलं नसतं. म्हणून तिथं पायाच्या बोटापेक्षा तर्जनी बरी: ती स्वतःच्या नसा, रक्तवाहिन्या आणि दोऱ्यांसकट सरकवून, आखूड करून, फिरवून बसवता येते. थॅलिडोमाइड या औषधामुळं हात अपुरे राहिलेल्या मुलांवर काम करताना हॅम्बुर्गच्या डीटर बुक-ग्रॅम्को यांनी ही पद्धत घासूनपुसून १९७१ मध्ये मांडली. बोट वाया जात नाही, त्याची जागा बदलते. चार बोटं, पण त्यांतलं एक चिमटीत पकडणारं.

प्रत्येक बाळाला हे लागत नाही. अंगठा थोडासाच बारीक असेल तर काहीच करावं लागत नाही. बुडाचा सांधा भक्कम असून जोर कमी असेल, तर दुसऱ्या एखाद्या बोटाची दोरी अंगठ्याला जोडतात. म्हणजे निकोलादोनींचीच जुनी युक्ती. सांधाच नसेल तेव्हा तर्जनीचा विचार, बहुधा एक ते दोन वर्षांच्या वयात.

घाई कशाची करायची, तर तपासण्यांची. अंगठ्याच्या या दोषासोबत कधी हृदय, मूत्रपिंड, मणके किंवा रक्तातही दोष असतो. इको, पोटाची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी आधी करून घ्या. फॅन्कोनी अ‍ॅनिमियाची खास चाचणी लागेल का, हेही डॉक्टरांना विचारा. ते रिपोर्ट घेऊनच हाताच्या सर्जनकडे जा.