डॉ. लूसी विल्स : पंडुरोगाचा शोध घेणारी विदुषी

थकवा हा शब्द लहानथोरांच्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, त्याचा विचार करावा असें सहसा कोणास वाटत नाहीं. जो विद्यार्थी दुपारच्या तासाला पेंगतो त्यास आपण आळशी म्हणतों. जी मुलगी दोन जिने चढतांच धापा टाकूं लागते तिला नाजूक म्हणून सोडून देतों. आणि जी माता पहांटेपासून रात्रीपर्यंत राबून अखेरीस भिंतीला टेकून बसते, तिच्याबद्दल तर आपण कांहींच म्हणत नाहीं. कारण तिचें थकणें घरांत नित्याचेंच झालेलें असतें. परंतु पुष्कळ वेळां हा थकवा स्वभावांत नसून रक्तांत असतो, आणि रक्तांतील उणीव ही ताटांतील उणिवेपासून उत्पन्न झालेली असते. ज्यांनीं ही गोष्ट जगास प्रयोगानिशीं पटवून दिली, त्यांपैकीं एक थोर विदुषी आपल्या मुंबईंत, परळ येथें, काम करीत होत्या. त्यांचें नांव डॉ. लूसी विल्स. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सारखेंच बोधप्रद होईल असें वाटल्यावरून तें येथें थोडक्यांत देत आहों.

लूसी विल्स यांचा जन्म ता. १० मे १८८८ रोजीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहराजवळील सटन कोल्डफील्ड या गांवीं झाला. वडील विज्ञानाचे पदवीधर होते व आईचे वडील डॉक्टर होते. घराण्याचा धंदा विळे, कोयते अशीं धारेचीं हत्यारें बनविण्याचा असला, तरी घरांत शास्त्रीय विषयांची आवड पिढीजाद होती. मुलीला शिकवून काय करावयाचें, असें विचारणारीं घरें त्या काळीं इंग्लंडांतही थोडीं नव्हतीं. पण लूसीच्या आईबापांनीं तिला चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रसिद्ध विद्यालयांत पाठविलें. तेथें मुलींना गणित व विज्ञान हे विषय मनापासून शिकवीत. पुढें १९०७ सालीं ती केंब्रिज येथील न्यूनहॅम कॉलेजांत दाखल झाली व वनस्पतिशास्त्र आणि भूस्तरशास्त्र हे विषय घेऊन १९११ सालीं परीक्षा उतरली. येथें आमच्या विद्यार्थिनींनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या वेळीं केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेस बसूं देई, पण पदवी देत नसे. पुरुषांच्या बरोबरीनें पूर्ण पदवी मिळण्याचा अधिकार स्त्रियांना तेथें १९४८ सालीं मिळाला. पदवी मिळणार नाहीं हें ठाऊक असूनही जीं विद्या मिळवितात, त्यांची विद्येवरील निष्ठा केवढी असली पाहिजे!

ज्या वर्षीं परीक्षा झाली त्याच वर्षीं वडील निवर्तले, आणि दोन वर्षांनीं, १९१३ सालीं, थोरली बहीण एडिथ ही अवघ्या सव्विसाव्या वर्षीं हें जग सोडून गेली, कीं लूसीच्या मनावर दुःखाचा भारच पडला. त्यानंतर आईला घेऊन तिनें सिलोनचा प्रवास केला. १९१४ सालीं ती भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेस गेली असतां पहिलें महायुद्ध पेटलें. भाऊ सैन्यांत दाखल झाला आणि लूसीनें केपटाउन येथील एका रुग्णालयांत कांहीं आठवडे स्वखुषीनें रुग्णसेवा केली. ह्यानंतर तिच्या आयुष्यास नवें वळण लागलें. इंग्लंडास परत येऊन १९१५ च्या जानेवारींत तिनें लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत नांव घातलें आणि १९२० सालीं ती डॉक्टर झाली. त्या वेळीं तिचें वय बत्तीस होतें. ज्यांना आपलें वय निघून गेलें असें पंचविशींतच वाटूं लागतें, त्यांनीं हा आंकडा पुन्हां एकदां वाचावा.

डॉक्टर झाल्यावर लूसीबाईंनीं दवाखाना थाटला नाहीं. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांत रसायनाच्या साह्यानें रोगांची चिकित्सा करणारें एक खातें होतें, तेथें त्या संशोधनाच्या व शिकविण्याच्या कामास लागल्या. तेथूनच १९२८ सालीं त्यांना हिंदुस्थानचें बोलावणें आलें.

त्याचें कारण असें. मुंबईंत गरोदर स्त्रियांमध्यें एक विलक्षण पंडुरोग दिसून येत होता, आणि गिरणींत काम करणाऱ्या गरीब बायकांत त्याचें प्रमाण मोठें होतें. बाई दिवसेंदिवस फिकी पडे, पायांवर सूज येई, उठण्याबसण्याची शक्ति राहत नसे, आणि कित्येकदां बाळंतपणाच्या सुमारास ती दगावे. मातांच्या मृत्यूंची चौकशी करण्याचें काम त्या वेळीं डॉ. मार्गारेट बाल्फर या बाई पाहत होत्या. त्यांच्या निमंत्रणावरून विल्सबाई मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेंत त्यांनीं काम सुरू केलें. लेडी टाटा स्मारक निधीचें द्रव्यसाह्य या कामास लाभलें होतें. ज्या परळांत गिरण्यांचे भोंगे होत, त्याच परळांत ह्या रोगाचा शोध चालावा, हा योगायोग कांहीं लहान नव्हे.

हा रोग काय आहे तें समजण्यास रक्ताची थोडी माहिती पाहिजे. आपल्या रक्तांत असंख्य तांबड्या पेशी असतात. त्यांच्यामध्यें लोहयुक्त असा एक रंगद्रव्याचा अंश असतो, त्यास हिमोग्लोबिन म्हणतात. श्वासाबरोबर घेतलेला प्राणवायु शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोंचविण्याचें काम तो करितो. प्रत्येक तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. मग ती मोडते व तिची जागा नवी पेशी घेते. याचा अर्थ असा कीं, रक्त घडविण्याचा कारखाना आपल्या हाडांच्या मगजांत रात्रंदिवस चालू असतो आणि त्यास कच्चा माल रोजच्या जेवणांतून पुरवावा लागतो. लोह कमी पडलें कीं पेशी लहान व फिक्या निपजतात. प्राणवायु पुरेसा पोंचत नाहीं. मग पाय जड होतात, डोकें दुखतें, धाप लागते आणि अभ्यासांत चित्त ठरत नाहीं.

परंतु मुंबईच्या ह्या आजारी बायकांचें रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतां पेशी लहान नव्हे, तर नेहमींपेक्षां मोठ्या दिसत. अर्थात् केवळ लोह देऊन हा रोग हटणारा नव्हता. मग उणीव कशाची? विल्सबाईंनीं औषधाच्या कपाटापेक्षां स्वयंपाकघराकडे अधिक लक्ष दिलें. डॉ. तळपदे यांच्या साह्यानें त्यांनीं मुंबईंतील निरनिराळ्या थरांतील बायका काय खातात, किती खातात, याची कसोशीनें पाहणी केली. तींतून असें दिसून आलें कीं, ज्यांच्या जेवणांत पालेभाज्या, फळें व मांसवर्धक पदार्थ अगदीं थोडे असत, त्यांनाच हा रोग अधिक जडे. जिचें ताट सर्वांत दरिद्री, तीच सर्वांत अधिक आजारी, असा तो हिशेब होता.

१९२९ सालीं उन्हाळ्याच्या सुमारास बाई निलगिरींतील कुन्नूर येथील पाश्चर संस्थेंत गेल्या. तेथें उंदरांना गरीब बायकांसारखाच निःसत्त्व आहार देऊन त्यांनीं प्रयोग केले. उंदीर पंडुरोगी झाले. पण आहारांत यीस्ट, म्हणजे पाव फुगविण्यास वापरतात तें किण्व, मिसळलें असतां रोग टळला. सिद्धान्त हातीं आला असें वाटत असतां एक अडचण उपस्थित झाली. त्या उंदरांना उवांमुळें एका रोगाचा उपसर्ग पोंचला होता, तेव्हां निष्कर्षांत खोट असण्याचा संभव होता. दुसरा एखादा माणूस कदाचित् गप्प राहता. विल्सबाईंनीं तेंच काम माकडांवर पुन्हां पहिल्यापासून केलें. सत्याचें मोल जाणणाऱ्यांची रीत ही अशी असते. गणिताचें उत्तर पुस्तकांतल्या उत्तराशीं जुळलें म्हणजे मधल्या पायऱ्या न तपासणाऱ्या आमच्या बालमित्रांनीं येथें क्षणभर थांबावें.

ह्या दुसऱ्या प्रयोगांत मार्माइट नांवाचा यीस्टचा अर्क गुणकारी ठरला. हा अर्क इंग्लंडांत पावाला लावून खातात. तो काळा, चिकट व चवीस खारट असतो आणि किंमतीनें स्वस्त असतो. मग तोच मुंबईच्या आजारी बायकांना देण्यांत आला. थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तांत नव्या पेशी दिसूं लागल्या, अन्नावर वासना आली आणि ज्यांना उठवत नव्हतें त्या उठून बसल्या. हा शोध १९३१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नल या साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. यकृताचा साधा अर्क या रोगावर चाले, पण त्याचा फार शुद्ध केलेला अर्क चालत नसे, हेंही बाईंनीं दाखविलें. त्यावरून यीस्टमध्यें व यकृतांत आजवर अज्ञात असें कांहीं पोषक द्रव्य आहे असें ठरलें. त्या द्रव्यास पुष्कळ दिवस विल्स यांचेंच नांव देण्यांत येत असे. पुढें १९४१ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळें काढलें आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक ॲसिड हें नांव दिलें. परळांत ज्याचा माग लागला होता, तें हेंच.

१९३३ सालीं बाई लंडनला कायमच्या परत गेल्या. तरी १९३७ च्या अखेरीस दहा आठवड्यांसाठीं त्या पुन्हां हाफकिन संस्थेंत येऊन काम करून गेल्या. दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडत असतांही त्यांचें रुग्णालयांतील काम चालूच होतें. रेशनच्या अन्नाचा व लोहाच्या औषधाचा गरोदर स्त्रियांच्या रक्तावर काय परिणाम होतो याचाही त्यांनीं सहकाऱ्यांसह अभ्यास केला. १९४७ सालीं त्या सेवानिवृत्त झाल्या, पण स्वस्थ बसल्या नाहींत. जमेका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा दूरदूरच्या मुलुखांत जाऊन त्या गरिबांच्या आहाराचा व पंडुरोगाचा अभ्यास करीत राहिल्या. चेल्सी येथील नगरसभेच्या त्या सभासद होत्या. त्यांना डोंगर चढण्याची हौस होती, आणि मोटार न घेतां त्या सायकलीवरून कामास जात. त्या अविवाहित राहिल्या. १९६४ च्या एप्रिल महिन्यांत त्यांचें देहावसान झालें.

१९९१ सालीं ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीवरून आणखी असें सिद्ध झालें कीं, गर्भधारणेपूर्वीं व आरंभींच्या महिन्यांत फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या पाठीच्या कण्याचीं कित्येक जन्मजात व्यंगें टळतात. आज आपल्या देशांत गरोदर मातांना रोज ज्या तांबड्या गोळ्या देतात व शाळांतून मुलामुलींना आठवड्यास एक जी निळी गोळी देतात, तींत लोह व फॉलिक ॲसिड हीं दोन द्रव्यें एकत्र असतात. ही गोळी तोंड वांकडें करून दप्तरांत लपविणारे कांहीं वीर आमच्या पाहण्यांत आहेत. त्या चिमुकल्या गोळींत परळच्या त्या बाईंचे पांच वर्षांचे कष्ट सांठविलेले आहेत, एवढें त्यांनीं ध्यानांत आणावें.

आतां आईबापांस दोन शब्द. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ पंडुरोगी आढळल्या. म्हणजे विल्सबाईंचें काम अद्यापि पुरें झालेलें नाहीं. तें आपल्या घरोघरीं पुरें व्हावयाचें आहे. त्यास मोठा खर्च लागत नाहीं. बाजरी, नाचणी, हरभरे, मटकी, कुळीथ, मसूर, तीळ, अळीव यांत लोह आहे. माठ, मेथी, शेपू, चवळी या पालेभाज्यांत लोहही आहे व फॉलिक ॲसिडही आहे. मासे व मांस खाणाऱ्यांस त्यांतील लोह अधिक सुलभपणें पचतें. जे शाकाहारी आहेत त्यांनीं जेवणांत लिंबू पिळावें, अथवा आवळा, पेरू यांसारखें फळ खावें. त्यायोगें धान्यांतील व भाजींतील लोह शरीरास चांगलें लागतें. कडधान्यें मोड आणून खाल्लीं तर अधिक हितकर. जेवणाबरोबर किंवा जेवण होतांच चहा घेण्याची चाल मात्र सोडावी, कारण चहा लोहास अडवितो. पालेभाजी फार वेळ उकळूं नये व तिचें पाणी फेंकूं नये; त्या पाण्यांतच बरेंचसें सत्त्व असतें. दूध किंवा अंडें जेवणांत असूं द्यावें. रक्तास लागणारें आणखी एक जीवनसत्त्व त्यांतून मिळतें. एकट्या पालकावर अगर एकट्या गुळावर भिस्त ठेवणें व्यर्थ आहे. पालकांतील लोह शरीरास थोडेंच लागतें. ताटांत विविधता पाहिजे, हेंच ह्या चरित्राचें सार आहे. इतकें करूनही थकवा हटला नाहीं, तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावें. कारण जंत, रक्तस्राव इत्यादि अन्य कारणेंही असूं शकतात.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ताटाची नसून पंक्तीची आहे. बहुतेक घरांत सर्वांचें जेवण झाल्यावर पातेल्याच्या तळाशीं जें उरतें तें आईच्या वांट्यास येतें. भाजी संपली असली तर ती चटणीभाकरीवर भागविते. मुलाला दूध व मुलीला चहा, असाही भेद कांहीं घरांत अजून दिसतो. विल्सबाईंच्या वहींत ज्या आजारी बायकांच्या जेवणाची नोंद झाली, त्याही कोणाच्या तरी आया होत्या. म्हणून आमची विद्यार्थ्यांस एवढीच विनंति आहे कीं, आज सायंकाळीं जेवावयास बसतांना आईचें ताट आपल्या ताटाबरोबर वाढलें जाईल असें पाहावें, आणि त्यांत पालेभाजी पुरेशी आहे कीं नाहीं, तें आधीं पाहून मग पहिला घांस घ्यावा.