जर्नैलला पुढे का पाठवलं? रहीम साहेबांचा तो निर्णय

आपल्या वाशिम, कारंजा, रिसोडकडे पोरं क्रिकेटवालीच जास्त. तरी वर्ल्डकप आला की टपरीवर रात्र-रात्र वाद चालतो: बचाव ढिला होता, कोचने चुकीचा माणूस काढला वगैरे. या वादात भारताच्या सगळ्यात मोठ्या कोचचं नाव मात्र क्वचितच निघतं. ते काही परके नव्हते. वाशिमहून पूर्णामार्गे गाडी जिथं जाते, त्या हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम.

जन्म 1909 चा. पेशाने शिक्षक, शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. हैदराबाद सिटी पोलीसचा संघ त्यांनी असा घडवला की 1950 ते 1954 सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप त्यांच्याकडेच राहिला. शिकवण्याची तऱ्हा मास्तरकीचीच होती. ड्रिबलिंगला बंदी असलेले सामने भरवायचे, फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा घ्यायचे. म्हणजे चेंडू पायात ठेवून मिरवायचं नाही, पास द्यायचा.

1951 ला दिल्लीत एशियाडचं सुवर्ण मिळालं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने 10-1 ने धुतलं. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते! त्यानंतर बूट सक्तीचे झाले. 1956 ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाला 4-2 ने हरवून संघ उपांत्य फेरीत गेला आणि चौथा आला. 1960 च्या रोम ऑलिम्पिक संघात त्यांचा मुलगा हकीमही होता, पण त्याला एकाही सामन्यात उतरवलं नाही.

खरा वादाचा निर्णय 1962 च्या जकार्ता एशियाडमधला. पहिलाच सामना कोरियाकडून 0-2 ने गेला. थायलंडला 4-1 ने हरवलं, पण बचावाचा खांब जर्नैल सिंग याचं डोकं फुटलं, सहा टाके पडले. जपानविरुद्ध तो बाहेर बसला. उपांत्य सामन्यात रहीम साहेबांनी त्याला परत घेतलं ते थेट सेंटर फॉरवर्ड म्हणून! मागची फळी अरुण घोषवर सोडली.

त्या वेळी तिथं कुणी असता तर म्हणाला असता, मास्तरांचं डोकं फिरलंय. पण हिशोब बघा. टाके पडलेल्या डोक्याने बचावपटू दर मिनिटाला उंच चेंडू कसे परतवणार? आणि जर्नैल तरुणपणी आघाडीला खेळलेला होता. व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला, आपण 3-2 ने जिंकलो.

4 सप्टेंबरला फायनल, समोर परत कोरिया. भारतीय अधिकारी सोंधी यांच्या वक्तव्यावरून चिडलेले लाखभर प्रेक्षक आपल्याविरुद्ध ओरडत होते. गोलरक्षकही बदलला, तापातून उठलेला थंगराज आला. हा जुगार माझ्या मते जर्नैलपेक्षा मोठा होता. चुकला असता तर आज त्याच्याच नावाने खडे फोडले असते. मधल्या फळीत गोव्याचा फ्रँको धावत होता. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी, विसाव्याला जर्नैल. कोरियाचा एकमेव गोल आला तो शेवटी-शेवटी, पंच्याऐंशीव्या मिनिटाला. 2-1, सुवर्ण.

11 जून 1963 ला फुप्फुसाच्या कर्करोगाने रहीम साहेबांचा इंतकाल झाला. एशियाड फुटबॉलमध्ये भारताला त्यानंतर एकच पदक मिळालं, 1970 चं कांस्य.