गानहिरा कै. हिराबाई बडोदेकर

भगिनींनो, आज आपल्या मंडळात पेटी उघडून गायला बसताना कुणालाही संकोच वाटत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी घरंदाज स्त्रीने चार लोकांत गाणे हे लांच्छन मानले जाई. गाण्याच्या बैठकीला पुरुषांनी जावे, बायकांनी माजघरात राहावे, अशी रीत. ही रीत ज्यांच्या गाण्याने मोडत गेली, त्यांत हिराबाईंचे नाव आधी घ्यावे लागेल.

३० मे १९०५ रोजी मिरजेस त्यांचा जन्म झाला. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई बडोद्याच्या ताराबाई माने. पुढे उभयता विभक्त झाले आणि पाच मुलांचा भार एकट्या ताराबाईंवर पडला. त्या माउलीने तो कसा वाहिला असेल, हे आपण बायकांनीच ओळखावे! थोरले बंधू सुरेशबाबू हे हिराबाईंचे पहिले गुरू. नंतर उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे तालीम झाली. १९२१ साली, सोळाव्या वर्षी, मुंबईस गांधर्व महाविद्यालयाच्या समारंभात त्या जाहीरपणे गायल्या.

तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्री-गायिकांत त्यांची गणना होते. यातले मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. कुणा धनिकाच्या दिवाणखान्यात त्याच्या मर्जीने गाणे वेगळे, आणि ज्याने तिकीट काढले त्या प्रत्येकासाठी गाणे वेगळे. तिथे बायकामुलांनाही घेऊन जाता येई. साधे लुगडे, अंगभर पदर, दोन तंबोऱ्यांमध्ये स्थिर बैठक. हातवारे नाहीत की मुरका नाही. असे गाणे ऐकून कित्येक आईबापांनी मुलींना गायन शिकू दिले असेल.

आणि गाणे तरी किती परींचे! ख्याल, ठुमरी, नाट्यपदे, भावगीते, भजने. ज्या काळी सुभद्रा, रुक्मिणी पुरुषच रंगवीत, त्या काळी, १९२९ च्या सुमारास, त्या भावाबहिणींसह रंगभूमीवर उतरल्या. नाटक कंपनी फार वर्षे टिकली नाही. काही बोलपटांतही त्यांनी कामे केली. ग्रामोफोनच्या तबकड्यांनी मात्र त्यांचा गोड, सुरेल आवाज घरोघर पोहोचवला.

धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांच्याबरोबर त्यांनी केलेली जुगलबंदी रसिकांना फार आवडे. दोन स्त्रियांनी मिळून असे गाणे तेव्हा नवलाचेच होते. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण हे मान त्यांना मिळाले. प्रभा अत्रे यांच्यासारखी शिष्या त्यांच्या तालमीत तयार झाली.

२० नोव्हेंबर १९८९ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.